सिस्टर प्रुईट यांचा जाहीर सत्कार

८ सप्टेंबर, रविवार

आज प्रवचन संपल्यावर पास्टर गेन्सनी मंचावरून शुभवार्ता दिली. उत्तरेकडच्या कुठल्याशा श्रीमंत संस्थेला साक्षात्कार झालाय की आमच्या अलाबामात काळ्या बायका बाळंतपणात मरतात, गोऱ्या बायकांच्या तिप्पट. माझी आजी तशीच गेली, रूबीमावशी तशीच गेली, शाळेत माझ्या शेजारी बसणारी ग्लेंडा तशीच गेली. तेव्हा ह्या लोकांचे डोळे कुठे होते कोण जाणे. आता म्हणे ते पैसे देणार, आणि चर्चमधल्या बायकांना शिकवून तयार करणार. गरोदर बाईच्या सोबत राहायचं, डॉक्टरांपुढे तिच्या बाजूनं बोलायचं. गावातला बाळंतपणाचा दवाखाना बंद पडून किती वर्षं झाली, जवळचं इस्पितळ तासाभरावर. तो उघडायला कुणाकडे दिडकी नाही, पण आम्हाला श्वास कसा घ्यायचा ते शिकवायला आहे. वरातीमागून घोडं!

"आणि ह्या कामी आपल्या नर्सेस गिल्डच्या अध्यक्ष, सिस्टर ओर्लीन प्रुईट, पुढाकार घेतील." आमेन, आमेन, टाळ्या. मला कुणी विचारलं होतं?

दारातच गाठलं त्यांना. "पास्टर, आमची गिल्ड म्हणजे पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे आणि वारा घालायचे पंखे. कुणाच्या अंगात पवित्र आत्मा आला की सांभाळायचं, पाय उघडे पडले तर चादर घालायची, तुमचा घसा सुकला की पाणी द्यायचं. आमच्यात एकही खरी नर्स नाही. मी जन्मभर गाड्यांच्या नोंदणी कचेरीत बसले."

"सिस्टर प्रुईट, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही," असं म्हणून ते हसले आणि पुढच्या बाईचा हात हातात घेऊन तिच्याशी बोलायला लागले.

१४ सप्टेंबर, शनिवार

पहिला वर्ग. चर्चच्या मागच्या जेवणाच्या हॉलमध्ये आम्ही नऊ जणी. शिकवायला बर्मिंगहॅमहून झाकिया बेल नावाची पोरगी आली. डोक्याला हे एवढं मोठं फडकं, कानात लाकडी डूल, स्वतःला एकही मूल नाही. आल्या आल्या म्हणते, "इथे सगळ्याच शिक्षिका आहेत आणि सगळ्याच विद्यार्थिनी." मग पैसे तुलाच का मिळतात गं बाई, असं जिभेवर आलं होतं.

कापडी बाहुली आणि प्लास्टिकची कंबर घेऊन बाळ कसं वळतं ते दाखवलं. वर्नेलनं अगदी तोंडाचा आ वासून पाहिलं. वर्नेल म्हणजे गिल्डमधला माझा उजवा हात, पाच बाळंतपणं झालेली. आणि आज तिला कळलं मूल कुठून येतं! मग सगळ्यांना डोळे मिटून आपापल्या आज्यांची आठवण काढायला लावली. बायका रडल्या. मी डोळे उघडेच ठेवले. माझी आजी रडायला लावणाऱ्यांतली नव्हती, असं आई सांगायची.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सूनबाई केंड्रिया आली राहायला. माझा लमार ट्रक घेऊन टेक्सासच्या वाटेवर, आणि बायको आठव्या महिन्यात, म्हणून ही ब्याद माझ्या पदरात. चार पेट्या आणल्यात, त्यातली एक नुसती खोट्या केसांची. नखं अशी लांब की बाळाला धरणार कशी, देवच जाणे. हातात फोन, फोनसमोर तोंड, तोंडाचा चंबू. मॉन्टगोमेरीत म्हणे नाटकात कामं करायची. ते मला सांगायला नको, घरातसुद्धा करते.

"मिस ओर्लीन, तुमच्या हातची मक्याची भाकरी खायला मिळणार म्हणून मी लमारला म्हटलं, तू खुशाल जा."

कॉर्नब्रेडसाठी नवरा सोडणारी बाई आहे. करून घातला तिला. तीन तुकडे खाल्ले.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज धोक्याची लक्षणं शिकवली. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, चेहऱ्याहातांवर सूज, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप. "आणि बाळंत झाली म्हणजे सुटली असं समजू नका," झाकिया म्हणाली. "रक्तदाब नंतरही चढतो. कित्येक बायका घरी आल्यावर जातात." प्रत्येकीला रक्तदाबाचं एकेक यंत्र दिलं. माझं मी कपाटात ठेवलं, चादरींच्या मागे. घरी एक पोटुशी आहे, तिच्या दंडाला रोज हे बांधायला लागले तर ती राणी होऊन बसेल.

मग एक वाक्य पाठ करून घेतलं. इस्पितळाच्या खिडकीपाशी पहिलं तोंड उघडायचं ते ह्याच वाक्यानं: ही बाई अमुक दिवसांपूर्वी बाळंत झालीय. नाव नंतर, विम्याचं कार्ड नंतर. पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, बालवर्गासारखं.

शेवटी नाटुकली. वर्नेल झाली आजारी बाईची सोबतीण, आणि मला खिडकीतली कारकून केलं. मी काय केलं? तिच्याकडे बघितलंच नाही. नखं बघितली. "बसा तिकडे. तुमच्यासारख्या रोज येतात." वर्नेल खरोखरच रडायला लागली. झाकिया म्हणाली, "मिस प्रुईट, तुम्हाला हे फार छान येतं." जन्म गेला ना खिडकीमागे, येणारच.

६ ऑक्टोबर, रविवार

सिस्टर युला मेच्या अंगात आलं आज, नेहमीप्रमाणे वर्गणीची थाळी तिच्या रांगेपर्यंत पोचायच्या आधी.

खरं अंगात आलेलं आणि सोंग ह्यातला फरक माझ्याइतका ह्या तालुक्यात कुणाला कळत नाही. सोपं आहे. सोंग घेणारी पडता पडता स्कर्ट खाली ओढते. डोळे पांढरे करील, सात भाषा बोलेल, पण हात बरोब्बर स्कर्टकडे जातो. पवित्र आत्म्याला मात्र कुणाच्या गुडघ्यांची फिकीर नसते. आम्ही सगळ्यांनाच चादर घालतो. सोंगाला जरा जोरात घालते मी, इतकंच. आणि पडलेल्याला हात लावायचा नाही, हलवायचं नाही, हा गिल्डचा पहिला नियम. देवाचं काम चाललेलं असतं.

ईस्टरला केंड्रियासुद्धा पडली होती, लमार पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा. पडायच्या आधी दोन्ही हातांनी स्कर्ट सारखा केला होता बाईसाहेबांनी. तिची किंमत मला त्याच दिवशी कळली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मुलगी झाली. नायला. सात पौंड, डोकं भरून केस, आणि तोंड आमच्या प्रुईटांचं, राग आल्यासारखं. दोन्ही मुठी आवळून माझ्याकडे अशी बघत होती की कोण गं तू? मला हसू आवरेना. नर्सनं पाहिलं, म्हणून खोकले.

झाकिया बर्मिंगहॅमहून गाडी हाणत आली आणि सबंध वेळ केंड्रियाची कंबर चोळत बसली. डॉक्टर आला, दाराशीच उभा राहून बोलला, गेला. झाकिया त्याच्या मागे व्हरांड्यात धावली, प्रश्नांची यादी घेऊन. दोन उत्तरं घेऊन परत आली, इतक्या आनंदात की जणू लॉटरी लागली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

राणीसाहेब पलंगावर. पडदे ओढलेले, उजेड सहन होत नाही. डोकं दुखतं म्हणे, काल दुपारपासून. बोटातली अंगठी निघेना म्हणून साबण लावून काढली. खा अजून कॉर्नब्रेड!

"मिस ओर्लीन, भिंतीवर काहीतरी चमकतंय. काजव्यांसारखं."

"झोप कमी झाली की चमकतं. लमार झाला तेव्हा मी पाचव्या दिवशी इस्त्री करत होते. माझ्या डोक्याला दुखायला सवडच नव्हती."

डोकेदुखीची पूड पाण्यात घालून दिली. नायलाला माझ्या खोलीत घेतलं. छातीवर झोपते ती माझ्या. चिकटू नये इतकी चिकटते.

संध्याकाळी झाकियाचा फोन. केंड्रिया कशी आहे? रक्तदाब मोजताय ना? मी म्हटलं, "छान आहे. खाते, झोपते, फोन बघते." खोटं काय त्यात?

२७ ऑक्टोबर, रविवार

झालं ते सगळं लिहिते.

आज गायकवृंदाचा वर्धापन दिन. पास्टरना नायला सगळ्यांना दाखवायची होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. केंड्रिया सकाळी म्हणाली, "मी नको येऊ का? डोकं फुटतंय." मी म्हटलं, "चर्चमध्ये बसलेल्या प्रत्येकाचं डोकं दुखतंय. म्हणूनच येतात." आली. अंगात जांभळा झगा, तोंड सुजलेलं. मला वाटलं रडून सुजलंय.

तिसरं गाणं चाललं होतं. ऑर्गन चढला, लोक उभे राहिले, टाळ्या, आरोळ्या. केंड्रिया रांगेतून बाहेर आली आणि मधल्या वाटेत कोसळली. हातपाय झाडायला लागली. "हालेलुया!" कुणीतरी ओरडलं आणि ऑर्गनवाल्यानं ताल दुप्पट केला, कुणाच्या अंगात आलं की करतो तसा. नायला वर्नेलच्या सुनेकडे देऊन मी धावले. गिल्ड माझ्यामागे. नेहमीसारखं कडं केलं, हात पसरले, चादर घातली.

मी जोरात घातली.

झटके थांबले. ती निपचित पडली. अंगातलं उतरलं की पडतात तशी. वर्नेल खाली वाकायला लागली. "ओर्लीन, हिचं तोंड बघ गं." मी तिला कोपरानं मागे सारलं. "हात लावू नकोस. तमाशा करतेय. दहा दिवस कुणी बघितलं नाही ना, म्हणून. उठेल आपली आपण." गाणं संपलं. पुढचं सुरू झालं. आम्ही पंखे हलवत उभ्या.

तिला पुन्हा झटका आला आणि चादर सरकली. झगा पार मांडीवर गेला. मी वाट बघत होते तिच्या हाताची. हात गेला नाही. सगळ्या चर्चसमोर पोरगी तशी पडलेली, आणि हात झग्याकडे गेला नाही. मग मी तिचं तोंड बघितलं. ओठ निळे होते.

मी काय ओरडले ते आठवत नाही. ऑर्गन थांबला एवढं खरं. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागला असता. चर्चच्या डीकन हॉलिसच्या व्हॅनमध्ये घातलं, कुशीवर, वर्नेलनं डोकं धरलं.

इस्पितळाची खिडकी. कारकून पोरगी मान वर न करता म्हणाली, "नाव?" मी काचेवर हात आपटला. "ही बाई दहा दिवसांपूर्वी बाळंत झालीय. हिला दोनदा झटके आलेत." ती म्हणाली, "मॅडम, बसा, आधी कार्ड..." तिचा सूर मला चांगला ओळखीचा होता, जन्मभर तोच लावत आले. "पोरी," मी म्हटलं, "तू कार्ड म्हणालीस तर तुझं नाव, तुझ्या वरिष्ठाचं नाव आणि आत्ताची वेळ मी ह्या खोलीतल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन आणि मग उद्या वर्तमानपत्रात. दहा दिवसांपूर्वी बाळंत झालीय. झटके. दहा दिवस. ऐकू येतंय का?" आतून एक नर्स धावत आली.

देवा, त्या पोरीला नेऊ नकोस. मला काही सोंग येत नाही. नेऊ नकोस.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आहे. जिवंत आहे. शिरेतून औषध चालू आहे, अंग तापलंय, शुद्धीवर आली तेव्हा पाणी मागितलं आणि नायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर मेंदूत रक्तस्राव झाला असता. "नशीब, तुम्ही बाळंतपणाचं आधी सांगितलंत. लोक सांगत नाहीत. आम्ही मग भलतंच शोधत बसतो."

झाकियानं येऊन मिठी मारली. तिचं फडकं माझ्या तोंडात. "मिस प्रुईट, तुम्ही तिला वाचवलंत." लमार टेक्सासहून रात्रभर गाडी चालवून आला, माझे हात धरून ढसाढसा रडला. "ममा, तू नसतीस तर..."

घरी येऊन कपाटातलं यंत्र काढलं. पट्ट्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

६ नोव्हेंबर, बुधवार

घरी आणली. सकाळ संध्याकाळ रक्तदाब मी मोजते. ती दंड पुढे करते, मी पट्टा बांधते, दोघी आकड्याकडे बघतो. बोलत नाही. तिला त्या रविवारचं काही आठवत नाही म्हणे. नखं इस्पितळात कापली. हात लहान मुलीसारखे दिसतात.

दुपारी पास्टर गेन्स, हातात रताळ्याचा गोड पाई, बायकोनं केलेला. सतरा तारखेला संस्थेची माणसं येणार आहेत. पुढच्या वर्षी पैसे द्यायचे की नाहीत ते ठरवायला. "त्यांना आकडे नकोत, सिस्टर प्रुईट, त्यांना गोष्ट हवी. आणि देवानं गोष्ट आपल्या पदरात टाकलीय! प्रशिक्षण घेतलेली सासू, सुनेचा जीव वाचवते. तुम्हाला मानपत्र द्यायचं ठरलंय. लाकडी, चौकटीचं."

"तुम्ही त्या दिवशी मंचावर होतात, पास्टर. वरून सगळं दिसतं."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मला एवढंच दिसलं की देवानं तिला उठवलं," म्हणाले आणि गेले. ह्या माणसाच्या प्रवचनांना मी इतकी वर्षं पंखा घातला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पट्टा बांधत होते. यंत्र गुरगुरत होतं. केंड्रिया म्हणाली, "दीड गाणं."

"काय?"

"दीड गाणं मी खाली पडले होते. चर्च सगळी प्रार्थना फोनवर दाखवतं ना, मिस ओर्लीन. चित्र अजून तिथेच आहे. इस्पितळातून सुटायच्या आदल्या दिवशी बघितलं. आवाज छान येतो त्यात. 'तमाशा करतेय' अगदी स्पष्ट."

मी पट्ट्याची कड सारखी करत राहिले.

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. रोज दोनदा दंड पुढे करत होते, की आज बोलतील."

"मला वाटलं, सोंग आहे."

"तुमच्यापुढे? सोंग घ्यायचं तर माणूस अशा बाईपुढे घेतं जिला दया येते." आकडा आला. तिनं तो बघितला, ठीक होता. "ईस्टरला पडले होते ते सोंगच होतं. तुम्हाला मी आवडावी म्हणून पडले. लमार म्हणाला होता, ममाला देवभोळी सून हवी."

मी यंत्र बंद केलं.

"मी ते मानपत्र घेत नाही," म्हटलं. "उभी राहून सांगते सगळ्यांना काय झालं ते."

"सांगा की! संस्थेची माणसं म्हणतील, ह्या बायकांना दीड महिना शिकवलं आणि त्या पंखे हलवत उभ्या राहिल्या. पाकिटं मिटून घरी जातील." तिनं पट्टा स्वतःच सोडला. "टीना डॉसनची ब्रिऑना मार्चमध्ये बाळंत होणारेय. एकोणीस वर्षांची, आई तुरुंगात. तिच्याबरोबर त्या खिडकीपाशी कोण जाणार, मी? मी तर अजून शिकलेही नाही. पुढच्या वर्षीचा वर्ग झाला तर शिकीन. मानपत्र घ्यायचं, मिस ओर्लीन. हसून घ्यायचं. मी नाटकात काम केलंय, येत नसेल तर शिकवते."

"आणि तू मला..."

"माफ केलंय असं समजू नका. नायलाला घ्या जरा, मला आंघोळ करायचीय."

१७ नोव्हेंबर, रविवार

संस्थेची तीन माणसं पहिल्या रांगेत, एक गोरा, दोघी आपल्यातल्याच, भारी कपड्यांतल्या. झाकिया बोलली, खऱ्या मनानं. तिला बिचारीला काही माहीत नाही. फडक्याची बाई आहे, पण कामाची आहे. हे मी तोंडावर कधी म्हणणार नाही. मग पास्टरनी गोष्ट सांगितली. त्यांच्या गोष्टीत मी वाऱ्यासारखी धावले, गुडघ्यावर बसले, लक्षणं ओळखली. दीड गाणं त्यांनी अर्ध्या वाक्यात उरकलं.

मी पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे घालून पुढे गेले. मानपत्र जड होतं. हसले, शिकवलं होतं तसं.

सगळं चर्च उठून उभं राहिलं. वर्नेल, जिला मी कोपरानं सारलं होतं. डीकन हॉलिस. युला मे. ऑर्गनवाला, ज्यानं ताल दुप्पट केला. त्या दिवशी ह्यातला प्रत्येक जण इथेच होता, प्रत्येकानं बघितलं, एकानंही पाऊल उचललं नाही, आणि आज एकेक जण छत फाटेल अशा टाळ्या वाजवत होता. आमेन, सिस्टर प्रुईट, आमेन! असले ढोंगी लोक मी जन्मात पाहिले नाहीत, आणि मी त्यांची अध्यक्ष.

गोऱ्या माणसानं डोळे पुसले. पास्टरनी मला डोळ्यांनीच खूण केली की पैसे आले.

केंड्रिया तिसऱ्या रांगेत बसून होती. ती उठली नाही, तिनं टाळी वाजवली नाही. बाळंतीण आहे, मांडीवर पोर झोपलेलं, दोन्ही हात गुंतलेले, असंच लांबून पाहणाऱ्याला वाटलं असेल. नायला तर वर्नेलच्या सुनेकडे होती.